अर्थसीच्या दीर्घकथा

आवडत्या ग्रंथकाराविषयीं लिहितांना टीकाकाराचा तराजू सरळ राहत नाहीं, हें आम्ही आरंभींच कबूल करतों. अमेरिकन लेखिका उर्सुला के. ल ग्विन (१९२९–२०१८) यांचें 'टेल्स फ्रॉम अर्थसी' हें पुस्तक २००१ सालीं प्रसिद्ध झालें. यंदाच्या पावसाळ्यांत आम्हीं तें तिसऱ्यांदां वाचलें, आणि रात्रीं दिवा मालवीत नाहीं म्हणून घरच्या मंडळींचा रोषहि पत्करला. पांच कथांचा हा संग्रह. पहिली व शेवटची अशा दोन दीर्घकथा, मधल्या तीन त्यांहून आटोपशीर.

अर्थसी हा समुद्रांत विखुरलेल्या असंख्य बेटांचा काल्पनिक प्रदेश. तेथें प्रत्येक वस्तूला व जीवाला एक खरें नांव असतें, आणि तें ज्याला ठाऊक त्याची तिच्यावर सत्ता चालते. सारी मंत्रविद्या या एका कल्पनेवर उभी आहे. आपल्याकडे बारशाला आत्या बाळाच्या कानांत 'कुर्र' करून नांव सांगते आणि घुगऱ्या वाटून होण्याच्या आंत तें आळीभर होतें. अर्थसींत उलट. खरें नांव मूल मोठें होऊं लागल्यावर मिळतें, आणि तें दुसऱ्यास सांगणें म्हणजे आपला जीव त्याच्या हातीं देणें. अरबी गोष्टींतील जादू दिवा घांसतांच राबूं लागते. येथें एका बेटावर पाऊस पाडला तर दुसऱ्यावर अवर्षण पडेल काय, ही चिंता शहाण्या जादूगाराला अगोदर पडते. आम्हांस हा अद्भुतरस अधिक टिकाऊ वाटतो.

मात्र या सुंदर वास्तूंत एक खोट राहून गेली होती. १९६८, १९७१ व १९७२ या सालांत आलेल्या पहिल्या तीन पुस्तकांत रोक बेटावरील विद्यापीठ केवळ पुरुषांचें आहे. बायकांची जादू दुबळी किंवा दुष्ट, असें त्या बेटांवर सर्रास बोललें जातें. दुसऱ्या पुस्तकाची नायिका तेनार ही मुलगी खरी, परंतु ही विद्या तिच्या वांट्यास येत नाहीं. १९९० च्या 'तेहानू'त लेखिकेनें त्याच जगाकडे एका प्रौढ विधवेच्या नजरेनें पाहिलें. प्रस्तुत पुस्तकांत ती त्याहून मागें, त्या जगाच्या इतिहासांत शिरते. स्वतःच्याच गाजलेल्या कृतीची अशी दुरुस्ती करणें धोक्याचें असतें. ज्या वाचकानें लहानपणीं जुन्या घरावर प्रेम केलें, त्याला नवी खिडकी पाडतांना भिंतीवर पडणारा प्रत्येक घाव लागतो. आम्हींहि पुस्तक प्रथम हातीं घेतलें तें थोड्या धास्तीनेंच.

'द फाइंडर' या पहिल्या दीर्घकथेनें ती धास्ती घालविली. रोकचें विद्यापीठ अद्याप निघालेलें नाहीं. जादूगार हे राजांचे व दरोडेखोरांचे पगारी चाकर झालेले आहेत. हॅवनॉर बेटावरील एका जहाजें बांधणाराचा मुलगा मेद्रा याच्या अंगीं हरवलेलें शोधून काढण्याचें कसब असतें. चांचेगिरी करणाऱ्या राजाच्या गलबतावर विपरीत मंत्र घातल्याबद्दल तो पकडला जातो आणि पाऱ्याच्या खाणीवर गुलाम म्हणून येतो. तेथें पाऱ्याच्या वाफांनीं पोखरलेली अनीब नांवाची दासी त्याला भेटते. दोघांची शक्ति एक होते तेव्हां त्या खाणीचा उन्मत्त मांत्रिक गेलुक नष्ट होतो. परंतु मुक्त होऊनहि अनीब जगत नाहीं. मेद्रा पुढें रोकवर पोंचतो तो तिचें ऋण घेऊन, आणि तेथें विद्यापीठाचा पाया घालण्यांत स्त्रियांचा वांटा पुरुषांइतकाच, किंबहुना अधिक, असल्याचें आपण पाहतों. लेखिकेनें पहिल्या पुस्तकांतील एकहि वाक्य पुसलेलें नाहीं. तो इतिहास कोणीं सांगितला आणि सांगतांना कोणाला वगळलें, एवढेंच तिनें विचारलें. जुन्या कथेचा आनंद त्यामुळें उणा होत नाहीं, तिच्या भिंतींमागें एक खोली उघडते.

मधल्या तिहींपैकीं 'डार्करोझ अँड डायमंड' ही जादू सोडून गाण्याकडे वळणाऱ्या सावकारपुत्राची प्रेमकथा गोड आहे, पण पातळ. 'द बोन्स ऑफ द अर्थ'मध्यें म्हातारा डल्स भूकंप शमविण्यासाठीं डोंगराच्या पोटांत शिरतो आणि गांव श्रेय देतें त्याच्या शिष्याला. त्याला ती विद्या एका बाईनें शिकविली होती, ही गोष्ट तो बहुतेक शेवटपर्यंत मनांतच ठेवतो. सगळ्यांत आम्हांस प्रिय 'ऑन द हाय मार्श'. गुरांत रोग पसरला आहे. एक भ्रमिष्टासारखा परका मनुष्य थंडींतून येतो, विधवेच्या दारीं आसरा मागतो, आणि गाईबैलांवर हात ठेवून त्यांना बरें करतो. त्याच्या पूर्वायुष्यांत काय घडलें हें महाजादूगार गेड येऊन सांगतो. तें ऐकूनहि ती बाई त्याला घराबाहेर काढीत नाहीं. दूध, चीज, चूल, ओलीं कांबळीं यांच्यामध्यें क्षमेची ही गोष्ट घडते, आणि लेखिका एकदांहि आवाज चढवीत नाहीं.

शेवटच्या 'ड्रॅगनफ्लाय'विषयीं मात्र आमची तक्रार आहे. इरिअन नांवाची तरुणी रोकच्या दारांत येऊन उभी राहते आणि आचार्यांत फूट पडते. वनांतील तिचे दिवस अत्यंत रमणीय आहेत. परंतु तिला विरोध करणाऱ्या पक्षाला लेखिकेनें बोलण्यासारखें कांहीं दिलेलेंच नाहीं. ज्यानें आपली सारी हयात एका नियमांत घालविली त्या आचार्याचें दुःख येथें दिसावयास हवें होतें. तें न दिसल्यामुळें शेवटचें भव्य रूपांतर डोळे दिपवितें, पण वादाचा निकाल लावीत नाहीं. मेद्राच्या कथेंत शिकारी कुत्र्यासारखा माग काढणारा भाडोत्री हेरसुद्धां माणूस वाटतो; तें औदार्य येथें कां आटलें, कळत नाहीं.

पुस्तकाच्या शेवटीं अर्थसीच्या लोकांचें, भाषांचें व इतिहासाचें एक वर्णन जोडलें आहे. लेखिकेचे वडील आल्फ्रेड क्रोबर हे नामांकित मानववंशशास्त्रज्ञ होते, याची आठवण तें वाचतांना पदोपदीं होते. घरांतील मुलांना हें पुस्तक देणारांनीं प्रथम १९६८ चें पहिलें पुस्तक द्यावें. खाणीची कथा चौदा-पंधरा वर्षांपुढच्यांनीं वाचावी, तीहि रात्रीं नको. आमची प्रत सध्यां शेजारीं गेली आहे.