ग्रहगती आणि इतिहासगती

वर्षप्रतिपदेस देवळाच्या सभामंडपात पंचांगश्रवण होते. संवत्सराचे नाव, त्या वर्षीचा राजा, मंत्री, मेघेश, धान्येश यांची फळे पुरोहित वाचून दाखवितात आणि तीर्थप्रसाद घेऊन महाजन व भाविक घरोघर परततात. या प्रथेबद्दल आमची कोणतीच तक्रार नाही. वर्षारंभी येणाऱ्या काळाचे शुभ चिंतावे, पाऊसपाण्याची आठवण करावी, यात गैर काय आहे? परंतु अलीकडे याच फलश्रुतीस एक निराळे वळण लागलेले दिसते. राज्ये का उदयास येतात, युद्धे व दुष्काळ ठरावीक अंतराने का येतात, याचे उत्तर ग्रहांच्या व सूर्याच्या चक्रांत आहे, असे विद्वत्तेचा आव आणून सांगितले जाते, आणि त्यास विज्ञानाचे नाव दिले जाते. विज्ञानाचे नाव घेतले की विज्ञानाची कसोटीही मान्य केली पाहिजे. त्या कसोटीवर हा पक्ष कितपत उतरतो, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

प्रथम एक साधी गोष्ट. वर्षाचा राजा कोण हे चैत्र शुद्ध प्रतिपदेच्या वारावरून ठरते. वारांना ग्रहांची नावे आहेत हे खरे, पण सात दिवसांचा आठवडा आकाशात कोठे दिसत नाही. तो मनुष्याने मोजलेला आहे. संवत्सराची गोष्ट याहून मौजेची आहे. साठ संवत्सरांचे चक्र मुळात गुरूच्या गतीवर बसविलेले. मध्यम मानाने गुरु एक राशी सुमारे ३६१ दिवसांत ओलांडतो, सौर वर्ष त्याहून सव्वाचार दिवसांनी मोठे. म्हणून उत्तरेकडील गणनेत सुमारे ८५ वर्षांनी एका संवत्सराचा क्षय मानतात. नर्मदेच्या दक्षिणेस हा क्षय सोडून दिला. परिणाम असा की, आमच्या इंदूर-ग्वाल्हेरच्या मराठी कुटुंबांत शालिवाहन शकाच्या पंचांगात एक संवत्सर चालू असतो आणि शेजारच्या घरी विक्रम संवताच्या पंचांगात दुसराच. नावावरून फळ सांगावयाचे तर एकाच गल्लीत दोन वर्षफळे झाली!

इतिहासाचे ग्रहशास्त्र ही कल्पना केवळ आपल्याकडची नव्हे. बगदादच्या खलिफांच्या काळी माशाअल्लाह याने आणि पुढे नवव्या शतकात बल्खच्या अबू माशर याने गुरु-शनीच्या युतीवर संपूर्ण राज्यशास्त्र उभारले. या दोन ग्रहांची युती सुमारे वीस वर्षांनी होते; ती एका तत्त्वाच्या राशींतून दुसऱ्या तत्त्वाच्या राशींत सरकली की राजवंश बदलतो, आणि चारही तत्त्वांचा फेरा पुरा झाला की नवा धर्म किंवा नवे साम्राज्य येते, असा त्यांचा सिद्धांत. हा फेरा ९६० वर्षांचा धरीत. केप्लरच्या काळापर्यंत तो ८०० वर्षांवर आला होता. ज्या नियमाने साम्राज्यांचे आयुष्य मोजावयाचे त्याच्याच मापात दीडशे वर्षांहून अधिक फरक पडावा आणि तरीही प्रत्येक पिढीस आपल्या घडामोडी त्यात बसलेल्या दिसाव्यात, ही गोष्ट पुष्कळ बोलकी आहे.

जेथे असे भाकीत तारखेसह केले गेले तेथे काय झाले? फेब्रुवारी १५२४ मध्ये मीन राशीत बहुतेक ग्रह एकत्र येणार म्हणून जर्मनी-इटलीत जलप्रलयाच्या भाकितांची असंख्य चोपडी छापली गेली. प्रलय आला नाही. फेब्रुवारी १९६२ मध्ये आपल्याकडे अष्टग्रही झाली. मकरेत केतूसह आठ ग्रह जमले, देशभर यज्ञयाग झाले, लोकांनी प्रवास व शुभकार्ये लांबणीवर टाकली. आणि ते दिवस इतर दिवसांसारखेच गेले. पुढे ऑक्टोबरात चिनी आक्रमण झाले तेव्हा हेच ते अष्टग्रहीचे फळ असे म्हणणारे निघाले. आठ महिन्यांची सूट घेऊन कोणते भाकीत खरे ठरणार नाही? गोमंतकीयांना तर आणखी एक प्रश्न विचारता येईल. साडेचारशे वर्षांची सत्ता येथून गेली ती १९ डिसेंबर १९६१ रोजी, म्हणजे अष्टग्रहीच्या दीड महिना अगोदर. आमच्या आयुष्यातील सर्वांत मोठ्या घटनेला ग्रहांची वाट पाहण्याइतकाही धीर नव्हता!

ग्रहांवरचा विश्वास ढळू लागल्यावर विसाव्या शतकात हीच कल्पना सूर्यावरील डागांच्या आश्रयाने परत आली. रशियन शास्त्रज्ञ अलेक्सांद्र चिझेव्हस्की याने १९२४ मध्ये कालुगा येथे एक लहान पुस्तक प्रसिद्ध केले. सुमारे अडीच हजार वर्षांचा आणि सत्तराच्या आसपास देशांचा इतिहास तपासून त्याने असे मांडले की, सौरडागांच्या सुमारे अकरा वर्षांच्या चक्रात मानवी समाजाचा क्षोभ चढतो व उतरतो. चक्राचे त्याने चार भाग केले: किमान तीन वर्षे, चढती दोन, कमाल तीन, उतरती तीन. मोठ्या जनआंदोलनांपैकी शेकडा साठ कमाल काळात आणि वीस चढत्या काळात घडतात, असा त्याचा हिशेब. हा माणूस भोंदू नव्हता. १९४२ मध्ये त्यास अटक होऊन आठ वर्षे छावण्यांत काढावी लागली, आणि सूर्याचा सजीवांवर काय परिणाम होतो हा त्याचा प्रश्न निःसंशय विचारार्ह होता. म्हणूनच त्याच्या पुस्तकाची परीक्षा आदराने, पण कठोरपणे झाली पाहिजे.

दुर्बिणीतून सौरडागांचे निरीक्षण १६१० च्या सुमारास सुरू झाले आणि त्यांचे आवर्तन श्वाबे याने दाखवून दिले ते १८४० नंतर. त्याआधीच्या दोन हजार वर्षांसाठी चीनमधील तुरळक नोंदी आणि ध्रुवप्रकाशाचे उल्लेख यांवाचून आधार नाही. तेव्हा इसवी सनापूर्वीचे अमुक युद्ध चक्राच्या कोणत्या वर्षी झाले हे चिझेव्हस्कीस कळावे कसे? जेथे सूर्याची नोंद नाही तेथे घटनांवरूनच चक्र बसवावे लागते, आणि मग त्याच चक्राने घटना सिद्ध करावयाच्या. आपल्या तर्कशास्त्रात यास अन्योन्याश्रय म्हणतात. दुसरे असे की, चढता व कमाल हे दोन काळ मिळून अकरांपैकी पाच वर्षे होतात. म्हणजे डोळे मिटून तारखा निवडल्या तरी शेकडा पंचेचाळीस घटना तेथे पडणारच. उरलेल्या पस्तिसांचा फरक भरून निघण्यास कोणती घटना मोठी मानली आणि तिचा आरंभ कोणत्या वर्षी धरला, एवढे स्वातंत्र्य पुरेसे आहे.

१७८९, १८४८, १९१७ ही वर्षे कमाल काळाजवळ पडतात. ती सर्वत्र सांगितली जातात. पण १९१४ चे महायुद्ध किमान काळाच्या लगत सुरू झाले. १९४७ मध्ये सूर्य डागांनी भरलेला होता, हे खरे. मात्र १९४२ चे ‘छोडो भारत’ आंदोलन उतरत्या काळाच्या शेवटाकडे झाले, आणि गोवामुक्तीही उतरत्याच काळात.

याहून मोठा पुरावा मराठी वाचकास आपल्याच इतिहासात सापडतो. १६४५ ते १७१५ या सत्तर वर्षांत सूर्यावर डाग जवळजवळ नव्हतेच; या कालखंडास इंग्रज खगोलज्ञ मॉन्डर याच्या नावाने ओळखतात. सिद्धांत खरा असता तर ही पृथ्वीवरील मोठ्या शांततेची सत्तर वर्षे ठरावयास हवी होती. महाराष्ट्रात या काळात काय झाले? शिवछत्रपतींचे जवळजवळ सारे कर्तृत्व, १६७४ चा राज्याभिषेक, १६८१ पासून सत्तावीस वर्षे चाललेला मोगलांशी झगडा, संभाजीमहाराजांचे बलिदान, राजाराम-ताराबाईंचा लढा, आणि १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथास मिळालेली पेशवाई. आमच्या इतिहासातील सर्वांत तप्त कालखंड सूर्याच्या सर्वांत थंड कालखंडाशी असा तंतोतंत जुळून यावा, याहून स्पष्ट उत्तर कोणते हवे?

असे नियम किती सहज सापडतात हे वाचकांनी स्वतः करून पाहावे. आल्बुकर्कने गोवे शेवटचे जिंकले २५ नोव्हेंबर १५१० रोजी आणि पोर्तुगीज गेले १९ डिसेंबर १९६१ रोजी. मधले अंतर ४५१ वर्षांचे. गुरूची एक प्रदक्षिणा ११.८६ वर्षांची, ३८ प्रदक्षिणांना ४५०.७ वर्षे लागतात. म्हणजे गुरु जवळजवळ पूर्वीच्याच स्थानी येताच राज्य गेले! एवढ्याने समाधान नसेल तर ४५१ म्हणजे बरोबर ४१ गुणिले ११. सौरचक्रही साक्षीस हजर. हा नियम आम्ही कागदाच्या एका कपट्यावर काढला. त्याचे रहस्य इतकेच की, ११, १२, २०, ३० आणि ६० वर्षांची पाच चक्रे हाताशी ठेवली व एखाद्या वर्षाची मागेपुढे सूट घेतली, तर कोणतेही दोन सन घ्या, दहांपैकी सहा वेळा त्यांतले अंतर कोणत्या ना कोणत्या चक्रात बसतेच. ३८ च का आणि ४१ च का, याचे उत्तर कोणाकडेही नसते. एवंच, अकरा या अंकात काही गूढ नाही. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी शके १४४२ मध्ये ग्रहलाघव रचला त्यातही अकरा वर्षांचे चक्र आहे. पण ते त्यांनी गणित सुटसुटीत व्हावे म्हणून घेतले, राज्ये पाडण्यासाठी नव्हे.

येथवरचा भाग करमणुकीचा वाटेल. परंतु या कल्पनेची झळ आपल्या पूर्वजांना प्रत्यक्ष लागलेली आहे. १८७६ ते १८७८ या काळात दक्षिणेत घोर दुष्काळ पडला. मद्रास इलाखा, म्हैसूर, हैदराबाद, सोलापूर-विजापूर-बेळगावचा मुलूख होरपळून निघाला. नुसत्या ब्रिटिश मुलखातच पन्नास लाखांहून अधिक माणसे मेली असा अंदाज आहे. याच सुमारास विल्यम हंटर याने मद्रासचा पाऊस व सौरडाग यांचा संबंध जोडून दुष्काळाचे चक्र मांडले. अर्थशास्त्री जेव्हन्स याने १८७५ पासून व्यापारी अरिष्टांचा धागा सूर्याशी लावण्यास आरंभ केला होता: सूर्य मंदावतो, हिंदुस्थानातील पीक बुडते, तेथील गिऱ्हाईक विलायती माल घेत नाही, म्हणून इंग्लंडात पेढ्या बुडतात. व्यापारी अरिष्टे त्याच्या मोजणीने सुमारे साडेदहा वर्षांनी येत. सौरचक्र अकरा वर्षांचे म्हणून जुळेना. तेव्हा त्याने १०.४५ वर्षांचे सौरचक्र स्वीकारले! जोडा लहान पडला म्हणून पाय कापण्याचाच हा प्रकार.

हंटर व जेव्हन्स यांचा हेतू वाईट होता असे आम्ही म्हणत नाही. हंटर तर दुष्काळ आधी ओळखता यावा या इच्छेने लिहीत होता. पण दुष्काळ सूर्याने आणला हे एकदा मान्य झाले की धान्याची निर्यात चालू का राहिली, दुष्काळी कामावरील मजुरास रिचर्ड टेंपल यांनी दिवसाला जेमतेम एक पौंड धान्यावर का आणले, हे प्रश्न आपोआप मागे पडतात. पुण्याच्या सार्वजनिक सभेने मात्र ते मागे पडू दिले नाहीत. गावोगावची हकीगत जमवून सभेने सरकारास अर्जांमागून अर्ज केले. त्या अर्जांत सौरडाग नाहीत. धान्याचे भाव, मजुरीचे दर आणि उपाशी माणसांची स्थिती आहे. आमच्या मते त्या काळचे खरे इतिहासशास्त्र ते.

सौरडागांचा निकालही पुढे हिंदुस्थानातच लागला. १९०४ पासून वीस वर्षे येथील वेधशाळांचे प्रमुख असलेल्या गिल्बर्ट वॉकर यांनी पाऊस व सौरडाग यांचे आकडे समोरासमोर ठेवून तपासले, तेव्हा संबंध फारच क्षीण आढळला. त्याच शोधात त्यांना पॅसिफिक व हिंदी महासागरांवरील वायुभाराचे आंदोलन हाती लागले. १८७७ चा पाऊस बुडण्यामागे पॅसिफिकमधील प्रबळ एल निनो होता, हे आज मान्य झाले आहे. त्याचे येणे दोन ते सात वर्षांच्या अनियमित अंतराने. कोणत्याही ग्रहाच्या वेळापत्रकात ते बसत नाही.

मग आकाशाचा मनुष्यजीवनाशी काहीच संबंध नाही काय? आहे, आणि तो फार मोठा आहे. पृथ्वीच्या अक्षाचे कलणे व भ्रमणमार्गाचे बदलणे यांची सुमारे २३,०००, ४१,००० व १,००,००० वर्षांची आवर्तने हिमयुगांशी निगडित आहेत, हे १९७६ मध्ये समुद्रतळाच्या गाळावरून दिसून आले. दहा हजार वर्षांपूर्वी आपला मोसमी पाऊस आजच्याहून जोरदार होता, त्याचे कारणही तेच. परंतु ही आवर्तने इतकी संथ आहेत की एका फेऱ्यात साऱ्या ज्ञात संस्कृतींचा इतिहास मावून उरतो. लोकमान्यांनी १८९३ च्या ‘ओरायन’मध्ये संपातचलनाचा उपयोग केला तो वेदांचा काळ ठरविण्यासाठी. त्यांच्या निष्कर्षावर मतभेद असोत, आकाशाचा त्यांनी घड्याळ म्हणून उपयोग केला, शासनकर्ता म्हणून नव्हे.

एक चक्र मात्र मनुष्याच्या इतिहासात खरोखर ठशासारखे उमटले आहे. ते गुरूचे. गुरु सिंहेत आला की नाशिक-त्र्यंबकास व उज्जयिनीस सिंहस्थ, कन्येत आला की नरसोबाच्या वाडीस व वाईस कन्यागत, हैदराबादकडे गोदा-कृष्णांची पुष्करे. लाखो माणसे घराबाहेर पडतात, लग्ने पुढे ढकलली जातात, बाजार भरतात. १८६७ च्या हरिद्वारच्या कुंभातून परतणाऱ्या यात्रेकरूंबरोबर पटकीची साथ उत्तर हिंदुस्थानभर पसरली. २००३ मध्ये नाशिकास चेंगराचेंगरीत ३९ माणसे गेली, २०१५ मध्ये राजमहेंद्रीच्या पुष्करघाटावर सत्तावीसहून अधिक. या मृत्यूंचे अंतर मोजले तर बारा वर्षांचे चक्र बरोबर दिसेल. पण पटकी पाण्यातून आली आणि माणसे चिंचोळ्या वाटेवर चेंगरली. गुरूने फक्त तारीख दिली.

ती तारीख देखील नेहमी बारा वर्षांनीच येते असे नाही. गुरूच्या सात फेऱ्यांना ८३ वर्षे लागतात, ८४ नव्हे; म्हणून हरिद्वारचा कुंभ १९२७ नंतर अकराव्या वर्षी १९३८ मध्ये भरला, आणि बरोबर ८३ वर्षांनी, २०१० नंतर अकराव्याच वर्षी, २०२१ मध्ये. २०२२ साली मेष संक्रांतीपूर्वीच गुरु कुंभ सोडून मीनेत गेला होता. गणित अचूक होते. पण २०२१ चा एप्रिल म्हणजे महामारीच्या दुसऱ्या लाटेचा एप्रिल. पर्व शास्त्राप्रमाणे त्याच वर्षी होते. गर्दी किती जमवावी आणि केव्हा आवरावी हे मात्र कोणत्याच पंचांगात लिहिलेले नव्हते. महिन्याच्या मध्यावर काही आखाड्यांनी आपापला कुंभ आटोपता घेतला, तेव्हा गुरु कुंभ राशीतच होता.