अनिवार्य कोण, ऐच्छिक कोण?

पवईच्या आय. आय. टी. मुंबईतील ‘फॉसी’ प्रकल्पात ‘ईसिम’ हे मुक्त सॉफ्टवेअर तयार झाले. पूर्वी त्याचे नाव ‘ऑस्कॅड’ होते. विद्युत परिपथाची आकृती संगणकावर काढायची, तारा न जोडताच परिपथाचे वर्तन तपासायचे आणि शेवटी छापील परिपथाचा आराखडा करायचा, अशी तिन्ही कामे त्यात होतात. ईसिम ही कामे एकट्याने करत नाही. आकृती व आराखड्यासाठी ते ‘कायकॅड’ची मदत घेते, वर्तनाचे गणित ‘एनजीस्पाइस’ सोडवते आणि परिपथात अंकीय घटक आणायचे असतील तर ‘जीएचडीएल’ उपयोगी पडते. दुसऱ्यांनी केलेल्या चांगल्या कामावर आपले काम उभे करणे ही मुक्त सॉफ्टवेअरची परंपराच आहे. त्याबद्दल आमची तक्रार नाही. प्रश्न एवढाच, की या सगळ्या सोबत्यांची गरज सारखीच असते का?

अकरावीच्या विद्यार्थिनीला एक रोध आणि एक धारित्र जोडून धारित्र भारित व्हायला किती वेळ लागतो हे पाहायचे आहे. एनजीस्पाइस काढून टाकले तर तिचा प्रयोग होणारच नाही. जीएचडीएल काढून टाकले तर तिचे काहीही अडणार नाही. कायकॅडसाठी घटकांच्या त्रिमितीय प्रतिकृतींचा मोठा संग्रह मिळतो. तयार परिपथ कसा दिसेल हे पाहायला तो छान आहे, पण या प्रयोगाशी त्याचा संबंध नाही. शाळेच्या भाषेत सांगायचे, तर पहिला विषय अनिवार्य आणि उरलेले दोन ऐच्छिक.

लिनक्सवर हा भेद लिहून ठेवण्याची सोय आहे. तिथे सॉफ्टवेअर पॅकेजच्या रूपात येते आणि प्रत्येक पॅकेजबरोबर एक माहितीपत्रक असते. डेबियन या लिनक्समध्ये त्या पत्रकात मुख्यतः तीन पायऱ्या असतात. ‘डिपेंड्स’ म्हणजे ज्याच्याविना पॅकेज चालणारच नाही ते. ‘रेकमेंड्स’ म्हणजे अपवाद वगळता बहुतेकांना सोबत हवेच असते ते. ‘सजेस्ट्स’ म्हणजे असल्यास उपयोग होईल असे. कायकॅडच्या त्रिमितीय प्रतिकृती डेबियनने वेगळ्या पॅकेजमध्ये ठेवल्या आहेत, हे या विवेकाचे चांगले उदाहरण. आरपीएम पद्धतीच्या लिनक्समध्ये अशा सौम्य पायऱ्या २०१४ मधील ४.१२ आवृत्तीपासून मिळू लागल्या. म्हणजे साधनाची उणीव आता कोठेच नाही.

उणीव आहे ती वापरात. पॅकेज बांधणारा स्वतःच्या संगणकावर जे जे होते त्याची यादी करतो आणि सगळे पहिल्या पायरीवर ठेवून मोकळा होतो. त्याच्या बाजूने पाहिले तर हे सोयीचे आहे, कारण काही कमी पडले अशी तक्रार लगेच येते, जास्त झाले अशी तक्रार सहसा कोणी करत नाही. पण प्रत्येक सोबत्याचे स्वतःचे सोबती असतात, त्यांचेही असतात. एका छोट्या पॅकेजमागे पन्नास पॅकेजे येऊन बसतात. घाटकोपर किंवा मुलुंडच्या एखाद्या शाळेत जुने संगणक आणि छोट्या डिस्का असतील, तर याचा भार तिथे पडतो. आमच्या मते ही केवळ गैरसोय नाही. ‘आवश्यक’ हा शब्द येथे चुकीच्या अर्थाने वापरला जातो, आणि विज्ञान शिकवणाऱ्यांना हे खटकले पाहिजे.

या सैलपणाची किंमत किती मोठी असू शकते हे २०२४ साली दिसले. दूरच्या संगणकात सुरक्षितपणे प्रवेश करण्यासाठी ‘ओपनएसएसएच’ वापरतात. आपली सेवा सुरू झाली एवढा निरोप तिने ‘सिस्टिमडी’ या व्यवस्थेला द्यावा म्हणून डेबियन, फेडोरा अशा काही वितरणांनी तिला सिस्टिमडीचे ग्रंथालय जोडले होते. मूळ ओपनएसएसएचमध्ये ही जोडणी नव्हती. त्या ग्रंथालयाला नोंदवह्यांचे संक्षेपन हाताळण्यासाठी ‘एक्सझेड’चे ग्रंथालय लागत असे. प्रवेशद्वाराला संक्षेपनाशी काहीच कर्तव्य नव्हते, तरी एक्सझेड त्याच्या आत येऊन बसले. ‘जिया टॅन’ या नावाने वावरणाऱ्या कोणीतरी एक्सझेडच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट दडवली. प्रवेशाला सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा पाठपुरावा करताना आंद्रेस फ्रॉइंड यांना ती सापडली आणि २९ मार्च २०२४ रोजी त्यांनी ती जाहीर केली. डेबियनच्या स्थिर आवृत्तीपर्यंत ती पोचली नव्हती, म्हणून मोठा अनर्थ टळला.

यानंतरचा भाग अधिक बोधप्रद आहे. तो निरोप म्हणजे एका ठरलेल्या ठिकाणी पाठवायचा एका ओळीचा संदेश असतो. त्यासाठी आख्खे ग्रंथालय लागत नाही. त्याच वर्षी ओपनएसएसएचने तो संदेश स्वतःच पाठवण्याची सोय केली. सिस्टिमडीनेही २५६ व्या आवृत्तीत संक्षेपनाची ग्रंथालये गरज पडेल तेव्हाच उघडण्याची पद्धत स्वीकारली. अनिवार्य मानलेली गोष्ट ऐच्छिक झाली आणि कोणाचेही काम अडले नाही.

याचा अर्थ दिसेल ते कापत सुटावे असा नाही. २००९ साली आलेल्या डेबियन ५ पासून ‘ॲप्ट’ हा व्यवस्थापक शिफारस केलेली पॅकेजेही आपोआप आणतो. नवख्या माणसाला सर्व काही सुरळीत मिळावे हा त्यामागचा हेतू रास्त आहे. ‘नो-इन्स्टॉल-रेकमेंड्स’ हा पर्याय देऊन ती सरसकट नाकारली, तर एखादे दिवशी पडद्यावर देवनागरी अक्षरांऐवजी चौकोन दिसतील आणि दोष मात्र लिनक्सला दिला जाईल. सर्व भारतीय लिप्यांचे टंक आणणारे ‘फॉन्ट्स-इंडिक’ हे पॅकेज मराठी शाळेला कदाचित जास्त होईल, पण देवनागरीचा एक चांगला टंक तरी हवाच. तेव्हा मुद्दा कमी-जास्तीचा नसून पारखून घेण्याचा आहे.

ही पारख वर्गात करता येते. गणितात आपण आवश्यक अट आणि पुरेशी अट यांतला फरक शिकवतो. बी रुजायला प्रकाश लागतो का, हे ठरवण्यासाठी एक कुंडी अंधारात ठेवून पाहतो. येथेही रीत तीच. वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी वापरातले एक पॅकेज निवडावे आणि ‘ॲप्ट-कॅश डिपेंड्स’ ही आज्ञा देऊन त्याची यादी काढावी. प्रत्येक नावापुढे एकच प्रश्न लिहावा: हे नसेल तर नेमके कोणते काम थांबेल? उत्तर सापडत नसेल, किंवा थांबणारे काम क्वचितच लागणारे असेल, तर ते नाव खालच्या पायरीवर जायला हवे. प्रयोग करायचा तो सुट्या संगणकावर, शाळेच्या कामाच्या संगणकावर नव्हे.

निष्कर्ष वहीतच राहू नये. डेबियनच्या दोषनोंद व्यवस्थेत कोणीही सूचना पाठवू शकतो, आणि ‘हे पॅकेज नसतानाही अमुक कामे व्यवस्थित चालली’ असा पुरावा सोबत असेल तर पॅकेज सांभाळणाऱ्याला विचार करावाच लागतो. तो बदल करील किंवा विद्यार्थ्यांच्या नजरेतून सुटलेले कारण सांगेल. दोन्ही प्रकारे विद्यार्थ्यांना काही कळेल. ‘हे लागतेच’ असे कोणी म्हटले की ‘कशासाठी?’ असे विचारण्याची सवय लागली, तर ती संगणकाच्या खोलीबाहेरही उपयोगी पडेल.