‘कौशल्य विकासास पात्र’: एका शेऱ्याची तपासणी

मंडळी, आज आम्ही पुस्तकावर बोलणार नाही, गुणपत्रिकेवरच्या एका शेऱ्यावर बोलणार आहोत. दहावीला विषय राहिले की पूर्वी ‘अनुत्तीर्ण’ असं छापून यायचं. गेल्या दशकात राज्य मंडळाने तो शब्द काढला आणि ‘कौशल्य विकासास पात्र’ असा शेरा आणला. हेतू चांगलाच होता. पण शब्द बदलला म्हणून वाट मोकळी झाली का? हे बीड जिल्ह्यात उभं राहून विचारायला हवं.

नियम आधी नीट पाहू. आयटीआयला वयाची 14 वर्षं पूर्ण लागतात. इलेक्ट्रिशियनला गणित-विज्ञानासह दहावी पास लागतं. वेल्डरसारख्या ट्रेडला मात्र देशपातळीवरची किमान पात्रता आठवी पास आहे. म्हणजे दहावीत अडकलेल्या पोरासाठी दार आहे. पण आपल्याकडे प्रवेश ऑनलाइन गुणवत्ता यादीने होतो आणि ती यादी लागते दहावीच्या गुणांवर. त्याच वेल्डरच्या जागेसाठी साठ-सत्तर टक्केवालाही अर्ज करतो. मग दाराशी उभं राहायचा हक्क एकाला आणि आत जायचा दुसऱ्याला. ‘पात्र’ आणि ‘प्रवेश’ या दोन शब्दांमधलं हे अंतर शेऱ्यात दिसत नाही.

आता हे गुण मोजतात काय? बीडमध्ये वर्षाची दोन कॅलेंडरं चालतात. एक शाळेचं, एक उसाचं. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. परत यायला मार्च-एप्रिल उजाडतो. दहावीची परीक्षाही मार्चच्याच आसपास. कुणी पोर फडावर धाकट्या भावंडाला सांभाळतं, कुणी मागे आजीजवळ राहून घर आणि जनावरं बघतं. अशा मुलाचे गुण त्याची अक्कल कमी सांगतात, तो किती दिवस वर्गात बसू शकला हे जास्त सांगतात.

यावर एक खरा आक्षेप आहे, तो आम्ही टाळणार नाही. गुण नकोत तर मग काय, मुलाखत? मुलाखत आली की वशिला आला. टक्केवारीची यादी निदान सगळ्यांना दिसते, तिथे कुणाची चिठ्ठी चालत नाही. हे म्हणणं आम्हाला मान्य आहे. गरिबाला कागदावरचा आकडाच अनेकदा वाचवतो.

पण पारदर्शक म्हणजे फक्त टक्केवारी, असं कुठंय? शिक्षण हक्क कायद्याखाली खासगी शाळांतल्या 25 टक्के जागा याच राज्यात ऑनलाइन सोडतीने भरल्या जातात. सोडतीलाही वशिला लागत नाही. ज्या ट्रेडची अट आठवी पास आहे, त्यातल्या काही जागा तरी पात्र उमेदवारांमधून सोडतीने भराव्यात, एवढंच आमचं म्हणणं आहे. ‘कच्ची पोरं येतील’ अशी भीती कुणी घालेल. अहो, तो अभ्यासक्रमच आठवी पास मुलासाठी म्हणून ठरवलाय! त्याला झेपणार नसेल तर चूक अटीत आहे, पोरात नाही.

आणि प्रवेश मिळाला म्हणून गोष्ट संपत नाही. अखिल भारतीय व्यवसाय परीक्षेला बसायला 80 टक्के हजेरी लागते. प्रशिक्षण पावसाळ्यात सुरू होतं आणि दोन-तीन महिन्यांत आई-बाप पुन्हा गाडीत बसतात. पोराने राहायचं कुठे, जेवायचं काय? हंगामी वसतिगृहाचा विचार आपण शाळकरी मुलापाशी थांबवतो. सोळा वर्षांचा पोरगा म्हणजे आपल्या लेखी अर्धा कोयता. म्हणून ट्रेडच्या जागेबरोबर राहायची जागा हीसुद्धा प्रवेशाचीच बाब धरली पाहिजे.

एक वर्षाचा वेल्डरचा ट्रेड म्हणजे एक हंगाम. तेवढा एक हंगाम पोरगा फडाबाहेर राहिला, तर पुढच्या दसऱ्याला मुकादमाला ‘नाही’ म्हणायची ताकद त्या घरात येऊ शकते. शेरा लिहिताना शासनाने शब्द दिलाय. तो शब्द गुणपत्रिकेवरून प्रवेशाच्या यादीपर्यंत यावा, इतकंच मागणं आहे. आता तुमचे प्रश्न घेऊ.