संघकार्य आणि पुरावा : आरोग्यविज्ञान शिक्षणातील एका फारकतीची समीक्षा

परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. त्यास शासकीय वैद्यकीय महाविद्यालय लाभण्यास पाव शतक लागले. २०२४ मध्ये ते १०० प्रवेशक्षमतेसह सुरू झाले. इमारत, खाटा व अध्यापकांची पदे यांविषयी जेवढी चर्चा होते, तेवढी तेथे काय आणि कसे शिकविले जावे याविषयी होत नाही. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या प्रश्नाच्या एकाच अंगाचा विचार केला आहे.

२०१९ पासून लागू झालेल्या क्षमताधिष्ठित अभ्यासक्रमात वैद्यकीय पदवीधराच्या पाच भूमिका सांगितल्या आहेत. त्यांपैकी एक ‘आरोग्यसंघाचा नेता व सदस्य’ अशी आहे. ‘नेता’ आधी आणि ‘सदस्य’ नंतर, हा क्रम सहज आलेला नसावा. मुख्य आक्षेप मात्र वेगळा आहे. संघकार्याचा समावेश वृत्ती, नीती व संवाद या घटकात होतो, तर पुराव्याचे मूल्यमापन सामुदायिक वैद्यकशास्त्रातील संख्याशास्त्राच्या वाट्यास जाते. परिणामी संघकार्य म्हणजे शिष्टाचार आणि पुरावा म्हणजे गणित, अशी विद्यार्थ्याची धारणा होते.

ही फारकत किती कृत्रिम आहे, हे पाहण्यासाठी महाराष्ट्राबाहेर जाण्याची गरज नाही. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीत केलेल्या घरोघरी नवजात बालसेवेच्या प्रयोगाचे निष्कर्ष डिसेंबर १९९९ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. ३९ गावांत सेवा, ४७ गावे तुलनेसाठी; तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्युदरात सुमारे ६२ टक्के घट. ही आकडेवारी अनेकदा सांगितली जाते. ती कोणी गोळा केली, हे क्वचितच शिकविले जाते. १९९५-९६ मध्ये गावातील अल्पशिक्षित आरोग्यदूत स्त्रियांनी ७६३ नवजात बालकांचे घरी जाऊन निरीक्षण केले, डॉक्टरांनी त्या नोंदी पडताळल्या आणि त्यांवरून घरातच जंतुसंसर्ग ओळखण्याची व उपचाराची पद्धत पुढे बांधण्यात आली. त्याआधीच्या न्यूमोनियाविषयक कामात मोजणी न येणाऱ्या दाईंसाठी मण्यांचे श्वासमापक यंत्र तयार झाले होते : दहा श्वासांना एक मणी सरकवावयाचा. येथे संघ आधी आणि पुरावा नंतर, असे झाले नाही. दाईच्या हातातील मणी हाच पुराव्याचा पहिला आकडा होता.

तथापि हा अभ्यास भक्तिभावाने शिकविणे त्याच्यावर अन्याय करण्यासारखे होईल. गावांची विभागणी यादृच्छिक नव्हती. एका निष्ठावान संस्थेचे यश शासकीय यंत्रणेत तसेच उतरेल काय, हा प्रश्न रास्तच होता. बांगलादेशातील सिल्हेट येथे यादृच्छिक विभागणीने झालेल्या व २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात घरपोच सेवेच्या गटात घट सुमारे ३४ टक्के आढळली. कमी, पण नगण्य नव्हे. ६२ आणि ३४ यांतील अंतराचे कारण काय, यावर परिचारिका व वैद्यकीय विद्यार्थी एकत्र बसून तासभर वाद घालतील, तर दोन्ही विषय एकाच तासात शिकविले जातील.

अडचण येथेच आहे : ते एकत्र बसत नाहीत. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या छत्राखाली वैद्यक, दंत, आयुर्वेद, होमिओपॅथी, परिचर्या असे अभ्यासक्रम आहेत. छत्र एक असले तरी वर्ग वेगळे, परीक्षा वेगळी आणि गुण तर पूर्णतः वैयक्तिक. ज्या गोष्टीस गुण नाहीत ती गोष्ट विद्यार्थी ऐच्छिक मानतो, हा आपणा सर्व प्राध्यापकांचा अनुभव आहे.

२०११ पासून आशा कार्यकर्ती रुग्णालयात जन्मलेल्या बाळाच्या घरी ४२ दिवसांत सहा भेटी देते, वजन व तापमान नोंदविते. कळमनुरी वा सेनगाव तालुक्यातील एखाद्या गावी वैद्यकीय व परिचर्या विद्यार्थ्यांच्या जोडीने असा एक तक्ता आशेसमवेत वाचावा, एखादे वजन पुन्हा घ्यावे, तफावत आढळल्यास तिचे कारण तिलाच विचारावे आणि तिघांच्या स्वाक्षरीचा एकच अहवाल द्यावा. त्यासाठी नवे अनुदान लागत नाही. मात्र त्या अहवालास दोघांनाही समान गुण द्यावे लागतील, आणि आशेने दाखविलेली चूक परीक्षकास मान्य करावी लागेल.