द ब्रॉय घराणं आणि १९२४ चा एक प्रबंध

बीएस्सीला आपण सगळेच ‘डी ब्रॉग्ली’ म्हणायचो. फ्रेंच उच्चार साधारण ‘द ब्रॉय’ असा आहे, पण ते राहू दे. माझी तक्रार वेगळी आहे. वर्गात आइन्स्टाईनचं आणि प्लांकचं समीकरण समोरासमोर मांडतात, शेवटी प्रकाशाच्या वेगाच्या जागी कणाचा वेग टाकतात, आणि झाली तरंगलांबी तयार! वेग का बदलला, हे कुणी विचारत नाही.

लुई द ब्रॉयच्या मूळ प्रबंधात ही चलाखी नाही. तो एका अडचणीपासून सुरुवात करतो. स्थिर कणाला त्याच्या ऊर्जेनुसार एक वारंवारता द्या. कण धावू लागला की ऊर्जा वाढते, म्हणजे वारंवारताही वाढायला हवी. पण सापेक्षतेनुसार धावणारं घड्याळ मंद चालतं, म्हणजे ती कमी व्हायला हवी. मग खरं काय? लुईचं म्हणणं, दोन्ही खरं, कारण वारंवारता दोन आहेत. एक कणाच्या आतल्या घड्याळाची, दुसरी त्याच्या सोबतच्या लहरीची. लहरीची फेज प्रकाशापेक्षाही वेगाने पुढे सरकते, तरी कण जिथे असेल तिथे ती त्याच्या घड्याळाशी जुळलेलीच राहते. हे मी तीनदा वाचलं, तेव्हा कुठे डोक्यात शिरलं.

आता दुसरी कथा, ‘राजपुत्राला सुचलं’ ही. घराणं मूळ पीडमाँटचं, ड्यूक झालं १७४२ मध्ये. पहिले दोन ड्यूक फ्रान्सचे मार्शल. दुसऱ्याचा मुलगा १७९४ मध्ये गिलोटिनवर गेला, आणि त्याचा मुलगा व नातू दोघेही पंतप्रधान झाले. तो नातू आल्बेर इतिहासकारही होता. तोच लुईचा आजोबा. लुईनेही आधी इतिहासच शिकला.

पण प्रबंधाच्या दृष्टीने महत्त्वाचा माणूस म्हणजे १७ वर्षांनी मोठा भाऊ मॉरिस. नौदल सोडून त्याने पॅरिसच्या राहत्या घरात क्ष-किरणांची प्रयोगशाळा थाटली. १९११ च्या सॉल्व्हे परिषदेचा वृत्तांत त्याने पॉल लांजव्हँसोबत संपादित केला, आणि धाकट्याला क्वांटमची गोडी लागली ती त्यातूनच. हाच लांजव्हँ पुढे लुईच्या परीक्षकांत होता. त्यानेच प्रबंधाची प्रत आइन्स्टाईनकडे पाठवली.

यामुळे कल्पना लहान होत नाही. पण ‘एकट्याला सुचलं’ असं सांगून आपण पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला उगाच लाजवतो. आणि गंमत बघा, तोंडी परीक्षेत पेरँने पडताळ्याचं विचारलं तेव्हा लुईने स्फटिकावरून इलेक्ट्रॉनचं विवर्तन सुचवलं. भावाच्या प्रयोगशाळेत स्फटिकांवर रोज काम चालायचं. तरी पुरावा तिथून आला नाही. तो १९२७ मध्ये अमेरिकेत डेव्हिसन-जर्मर आणि ॲबरडीनला जी. पी. थॉमसन यांच्याकडून आला. घरात सगळं असूनही!

प्रबंधाच्या शेवटी लुई कबूल करतो की फेज-लहरीची व्याख्या आपण मुद्दाम थोडी मोघम ठेवली आहे. माझ्या सिनॉप्सिसमध्ये असंच एक वाक्य होतं. ‘हे काढा, कमकुवत वाटतं’ असा शेरा आला आणि मी निमूट काढलं. आता वाटतं, निदान का काढायचं एवढं तरी विचारायला हवं होतं.

इंग्रजी भाषांतर मिळतं. पहिलं प्रकरण आणि हा समारोप, एवढं तरी वाचाच. मधली सांख्यिकी नंतर पाहिली तरी चालेल.