पटावरचा बंगाल आणि परीक्षणाची परिभाषा

१९९५ साली क्लाउस टॉयबर यांच्या ‘कॅटान’ला जर्मनीत त्या वर्षीच्या उत्कृष्ट खेळाचा पुरस्कार मिळाला. त्यानंतरच्या दशकांत छंद म्हणून खेळल्या जाणाऱ्या बोर्डगेमच्या परीक्षणाचा एक ठरीव घाट रूढ झाला. आधी नियमांचा गोषवारा, मग पट, पत्ते आणि सोंगट्या यांच्या निर्मितीविषयी चार वाक्ये, मग खेळ पुन्हापुन्हा खेळण्याजोगा आहे की नाही याचा निवाडा आणि शेवटी दहापैकी गुण. या घाटाच्या मुळाशी एक द्वैत आहे: खेळाची ‘यंत्रणा’ आणि तिच्यावर चढवलेला ‘विषय’. आशय आणि अभिव्यक्ती यांचे असेच द्वैत साहित्यसमीक्षेने दीर्घकाळ वापरले आणि पुढे त्याची चिकित्साही केली. बोर्डगेमच्या परीक्षणात अशी चिकित्सा अपवादानेच आढळते.

या द्वैताच्या बाजूने एक पुरावा नेहमी दिला जातो. अलेक्झांडर फिस्टर यांच्या ‘मोंबासा’ (२०१५) या खेळात आफ्रिका खंडावर विस्तारणाऱ्या व्यापारी कंपन्यांचे भाग खेळाडू विकत घेत. २०२२ साली तोच खेळ ‘स्कायमाइन्स’ या नावाने चंद्रावरील खाणींच्या विषयासह पुन्हा निघाला, आणि मूळ यंत्रणा बव्हंशी तशीच राहिली. तेव्हा विषय म्हणजे वरचे कवच, असा निष्कर्ष निघतो. परंतु याच उदाहरणातून उलट निष्कर्षही काढता येतो. रिकामा नकाशा, त्यावर पसरणाऱ्या कंपन्या आणि दूर बसून वाढणारे भागभांडवल हा आशय यंत्रणेतच मुरलेला होता. चंद्रावर माणसे नसल्यामुळे तो तेथे खुपत नाही, एवढेच.

कोल वेर्ले यांच्या ‘जॉन कंपनी’ची (पहिली आवृत्ती २०१७, दुसरी २०२२) तपासणी या दृष्टीने उद्बोधक ठरते. विषय ईस्ट इंडिया कंपनीचा. खेळाडू म्हणजे इंग्लंडमधील महत्त्वाकांक्षी घराणी. ती आपली माणसे कंपनीच्या पदांवर बसवतात, अध्यक्षाकडून पैसा मिळवतात आणि आपला माणूस निवृत्त झाला की त्या पैशातून प्रतिष्ठेच्या गोष्टी पदरात पाडून घेतात. गुण मुख्यतः त्यांचे. कंपनी डबघाईला आली तरी वेळीच हात धुऊन घेतलेले घराणे जिंकू शकते. सार्वजनिक संस्थेच्या नाशातून खाजगी लाभ कसा उभा राहतो, हे इथे विषयाने सांगितलेले नाही. नियमांनी घडवले आहे. हे यश मोठे आहे, आणि दहापैकी गुणांत ते मावत नाही. विषय सर्वांना मानवेलच असे नाही, सोबत्यांची संमती घेऊनच खेळावे, अशी सूचनाही निर्मात्यांनी दिली आहे.

प्रश्न उरतो तो पटाचा. पटावर बंगाल, मुंबई, मद्रास, मराठा, म्हैसूर, हैदराबाद, दिल्ली आणि पंजाब असे आठ प्रदेश आहेत. कोलकाता येते ते बंगाल इलाख्याच्या प्रमुखपदाच्या रूपाने, म्हणजे भरायची एक जागा म्हणून. भारतीय सत्तांपैकी एकीचीही बाजू खेळाडूला घेता येत नाही. त्यांच्या हालचाली घटनापत्रे ठरवतात. पुढची चढाई कोणावर, हे हत्तीची सोंगटी दाखवते. लंडनच्या दिवाणखान्यातून हिंदुस्थान असाच दिसत असणार, हा युक्तिवाद बिनतोड आहे. तरीही त्याची किंमत मोजावी लागते. घराण्यांना हेतू मिळतात, मराठ्यांना मात्र हवामान मिळते; ते पावसासारखे येतात.

कोलकात्याच्या स्मृतीत मराठे असे आलेले नाहीत. १७४२ साली त्यांच्या धास्तीने शहराभोवती मराठा खंदक खणायला घेतला गेला. तो पुरा झालाच नाही, आणि पुढे तो बुजवून त्या मार्गावर सर्क्युलर रोड झाला. गंगारामाचे ‘महाराष्ट्र पुराण’ आणि बंगालीतील बर्गींची अंगाईगीते ही भीतीची वाङ्मयीन रूपे होत. पण त्या स्वाऱ्यांमागे चौथाईचा हिशेब होता. १७५१ च्या तहात अलिवर्दी खानाने नागपूरकर भोसल्यांना वर्षाला बारा लाख रुपये देण्याचे कबूल केले. हा सौदा होता, आणि सौदा तर ‘जॉन कंपनी’च्या यंत्रणेचा प्राण आहे. तोच या पक्षाला नाकारला गेला. मराठी वाचकाला इथे दुखावून घेण्याचे कारण नाही, कारण बंगालच्या खेड्यांनी भोगलेली लूटही त्याच पत्त्यांत निनावी होऊन बसते.

यंत्रणा आणि आशय यांची फारकत आपल्याकडच्या जुन्या पटांना ठाऊकच नव्हती. कवड्या टाकून गोलोकापर्यंत पोहोचवणारा बंगालचा ‘गोलोकधाम’ आणि महाराष्ट्रातील ‘मोक्षपट’ यांत खेळणाऱ्याला निवडीला जागा जवळपास नाही. छंदी परीक्षकाच्या मापाने हा दोषच ठरेल. परंतु दानावर हुकमत नसणे हेच तेथे सांगायचे आहे. (मोक्षपटाचे कर्तृत्व ज्ञानदेवांना देणाऱ्या परंपरेला समकालीन आधार नाही, तरी ती आवडीने उगाळली जाते.) एकोणिसाव्या शतकाअखेर हा पट इंग्लंडमध्ये सापशिडी म्हणून रुळला, मोक्ष गेला, काही काळ ख्रिस्ती सद्गुण-दुर्गुण आले, नंतर तेही पुसले गेले. ‘मोंबासा’चा चंद्र होण्याची ही जुनी तालीम म्हणता येईल.

कोलकात्यातील अभ्यासक सौविक मुखर्जी यांनी आधी व्हिडिओगेम आणि वसाहतवाद यांचा व पुढे भारतीय पटखेळांच्या वसाहतकालीन रूपांतरांचा जो माग घेतला आहे, त्यातून परीक्षणाला निराळी प्रश्नावली मिळू शकते: या पटावर खेळाडू कोण, सोंगटी कोण आणि घर कोणाचे? ‘जॉन कंपनी’चे परीक्षण या क्रमाने लिहिले तर नियमांचा गोषवारा सुरुवातीला देऊन मोकळे होता येत नाही. हत्तीच्या सोंगटीपाशी बराच वेळ थांबावे लागते.