पंडिता रमाबाई आणि पाळकपदाचा प्रश्न

काशीच्या संकठा घाटावर उभे राहिले असता एका बाजूस शिंदे घाट आणि दुसऱ्या बाजूस, गंगामहालापलीकडे, भोसले घाट दिसतो. मराठी मुद्रेच्या ह्या घाटांमागील काशीत नीलकंठशास्त्री गोरे लहानाचे मोठे झाले. मिशनऱ्यांना वादात निरुत्तर करावयास हा चित्पावन तरुण निघाला आणि १८४८ साली जौनपूर येथे ख्रिस्ती झाला. नेहेम्या गोरे म्हणून पुढे त्याने अँग्लिकन चर्चमध्ये विधिपूर्वक धर्मगुरुपद स्वीकारले. त्याच्या लेखनाचा ज्या मनांवर खोल परिणाम झाला, त्यांत रमाबाईंचे मन मुख्य होय. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. गुरूला जे पद मिळाले, ते शिष्येला मिळणे मात्र त्या काळी संभवनीय नव्हते. रमाबाईंच्या वाङ्मयाचा विचार करताना हे अंतर आपल्या समीक्षेने पुरेसे ध्यानात घेतले आहे, असे मला वाटत नाही.

त्यांच्या पत्रव्यवहाराचा संग्रह वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन यांनी सिद्ध केला आणि अ. भि. शहा यांच्या संपादनाने तो १९७७ साली प्रकाशात आला. संग्राहिकेला रमाबाईंच्या स्वभावात अहंकार दिसत होता. तरीही तिने ही पत्रे जपून ठेवली, हे आपल्यावर उपकारच आहेत. त्यांतील १८८५ चा वाद मुळातून वाचण्यासारखा आहे. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात रमाबाई शिकत होत्या. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे, अशी सूचना पुढे येताच लाहोर व मुंबई येथील बिशपांनी हरकत घेतली. बाईने पुरुषांना शिकवले तर स्वदेशी तिचे वजन राहणार नाही, अशी त्यांची भीती. रमाबाईंचे उत्तर साधे, म्हणूनच जिव्हारी लागणारे आहे. आपल्या आईने किंवा आपण पुरुषांना शिकवण्यास वडिलांनी अथवा पतीने कधी आक्षेप घेतला नाही. मग इंग्रजांनी तो घ्यावा, ह्याचे त्यांना आश्चर्य वाटते. एका पुरोहितवर्गाचे जोखड मोठ्या कष्टाने टाकून दिल्यावर तसेच दुसरे मानेवर घेण्याची आपली तयारी नाही, असेही त्या स्पष्ट कळवतात. ह्या पत्रांत बंडखोराची गर्जना नाही, पूर्वपक्ष मांडून तो खोडणाऱ्या शास्त्र्याची रीत आहे. अनंतशास्त्री डोंगऱ्यांची कन्या येथे इंग्रजीतून बोलते, इतकेच.

अनुवादकाच्या नात्याने ह्या ठिकाणी एक अडचण नमूद केली पाहिजे. मराठी ख्रिस्ती समाजाचा 'पाळक' हा शब्द घ्या. त्याचे स्त्रीलिंगी रूप घडवू गेल्यास 'पाटलीण', 'डॉक्टरीण' ह्यांच्या वळणाने 'पाळकाची पत्नी' हाच अर्थ प्रथम मनात येतो. भाषेनेच पद पतीकडे ठेवलेले! 'पंडिता' मात्र ह्या नियमाला अपवाद. ती कोणाची पत्नी म्हणून पंडिता नव्हे. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी तिच्या विद्वत्तेलाच दिलेली ती पदवी होय. धर्मांतरानंतरही रमाबाईंनी ती टाकली नाही. चर्चने जे नाव दिले नाही, त्याची उणीव जुन्या सभेने दिलेल्या नावाने भरून निघाली. देवदत्त नारायण टिळकांनी १९६० च्या चरित्रात त्यांना 'तेजस्विनी' म्हटले. विशेषण यथार्थ आहे, परंतु तेज हे काही पद नव्हे.

पदाशिवाय नेतृत्व कसे चालले, ह्याचे उत्तर केडगावच्या मुक्तिसदनात मिळते. तेथील संस्थेचे आर्थिक, शैक्षणिक व आध्यात्मिक सूत्र एका बाईच्या हाती होते. १९०५ च्या जागृतीत मुलींचे गट प्रार्थना करीत व उपदेशार्थ बाहेर पडत. तथापि माझ्या मते ह्या नेतृत्वाचे खरे पीठ होते बायबलच्या अनुवादाचे मेज. व्यासपीठावर कोणी चढावे हे बिशप ठरवू शकत होते. मूळ हिब्रू व ग्रीक शिकून पवित्र शब्दाचा मराठी अर्थ ठरवणाऱ्या बाईला अडवण्याची तरतूद कोठेच नव्हती. शास्त्राच्या अर्थनिर्णयाचा अधिकार हा धर्माधिकाराचा गाभा; तो त्यांनी कोणाची अनुज्ञा न घेता हाती घेतला.

हा अनुवाद निर्दोष आहे असे म्हणणे केवळ भक्ती ठरेल. अल्पशिक्षित स्त्रियांना कळावी अशी सोपी मराठी हवी आणि मूळ शब्दही सुटता कामा नये, ह्या दोन आग्रहांची ओढाताण त्यात दिसते. शब्दनिष्ठा वाढली की मराठी वाक्याची चाल अडखळते. परंतु वाचक कोण, हा प्रश्न त्यांनी आधी सोडवला आणि त्याच्या उत्तरासाठी संस्कृतप्रचुर प्रौढी दूर ठेवली. संस्कृतावर एवढे प्रभुत्व असलेल्या लेखिकेने केलेला हा त्याग आपल्या गद्याच्या इतिहासात दुर्मीळ आहे. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'तील सहज बोली आपण डोक्यावर घेतो, ते योग्यच. रमाबाईंची कमावलेली साधी भाषा आपण मिशनऱ्यांच्या खात्यात टाकून मोकळे झालो.

पुढे काळ बदलला. दक्षिण भारत चर्चने १९७६ मध्ये प्रथम स्त्रीला दीक्षा दिली, २०१३ मध्ये एग्गोनी पुष्पा ललिता ह्या तेथील पहिल्या स्त्री बिशप झाल्या. रमाबाईंना तो दिवस पाहावयास मिळाला नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या निवर्तल्या आणि संपूर्ण बायबल १९२४ साली बाहेर पडले. त्याची छपाई मुक्तीच्याच छापखान्यात, तेथील स्त्रियांच्या हातून झाली.